अबू नासिरचं बटण

"नाही म्हणजे नाही!" अबू नासिरनं रत्नाकरचं मनगट धरून ठेवलं. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, पण पकड कसली होती! "मुहंदिस, हे काढायचं नाही."

रत्नाकर कसला मुहंदिस न् कसला इंजिनिअर! चिपळूणच्या आयटीआयमधला साधा वायरमन. सौदीतल्या बुरैदात बावीस वर्षं लोकांचे एसी आणि थंडीत बॉयलर दुरुस्त करण्यात गेली. अख्ख्या गावात त्याला मुहंदिस म्हणणारा हा एकच माणूस. म्हातारा ज्यासाठी हटून बसला होता, ते भिंतीवरचं गोल बटणही रत्नाकरनंच पंधरा वर्षांपूर्वी बसवलेलं. उजवीकडे फिरवलं की टक् व्हायचं, मागच्या खोलीतला डिझेलचा बॉयलर पेटायचा आणि घडीभरात सगळ्या खोल्यांतले रेडिएटर तापायचे.

"बाबा, हट्ट करू नका," नासिर म्हणाला. हा थोरला मुलगा, रियाधला बँकेत. दर शुक्रवारी येऊन जायचा. मग रत्नाकरकडे वळून हळूच म्हणाला, "गेल्या महिन्यात बटण पूर्ण फिरवून, खिडक्या लावून झोपले. सकाळी पाहिलं तर उकाड्यानं अर्धवट शुद्धीत. डॉक्टर मलाच रागावले. मी तिकडे, हे इकडे. मला झोप लागत नाही, सदीक, दोस्ता."

खोटं बोलत नव्हता बिचारा. डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्यानं बापाला समजावून शेजारच्या खोलीत चहाला नेलं आणि रत्नाकर कामाला लागला. एमसीबीचा खटका पाडला, टेस्टर लावून खात्री केली, जुन्या तारांचा मोबाईलवर फोटो काढला. दोनच तर तारा. बटणातून सोडवल्या, नासिरनं आणलेल्या, फोनवरून चालणाऱ्या नव्या पांढऱ्या डबीच्या दोन स्क्रूंखाली आवळल्या. अर्ध्या तासाचं काम. नासिरच्या फोनवर ॲप सुरू झालं, बॉयलर पेटला. ॲपनं मग एकेक प्रश्न विचारायला घेतले. शेवटचा होता, घरातले सगळे बाहेर गेले की हीटिंग आपोआप कमी करायचं का? नासिरनं 'हो' दाबलं. रत्नाकरनं ते पाहिलंही. पण त्याचं मन दुसऱ्या कामावर जाऊन पोचलं होतं.

नासिर सामान ठेवायला गाडीकडे गेला, तसा म्हातारा आला. बराच वेळ त्या पांढऱ्या डबीकडे बघत उभा राहिला.

"मला थंडी वाजली तर मी काय फिरवायचं?"

आता याला काय सांगणार? रत्नाकरनं पिशवीतून जुनं बटण काढलं आणि डबीच्या शेजारी दोन स्क्रूंवर ठोकठाक बसवून टाकलं. तार नाही, काही नाही.

"हे चालतं?"

"चालतं ना, बाबा."

म्हाताऱ्यानं फिरवलं. टक्! आवाज बटणाच्या पोटातल्या पट्टीचा, तो तारेवाचूनही येतो. बॉयलर तर चालू होताच. म्हातारा रेडिएटरवर हात ठेवून असा काही हसला की रत्नाकरचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी त्यानं चिपळूणला बायकोला, विद्याला, फोनवर सगळं रंगवून सांगितलं. ती आधी खळखळून हसली. मग एकदम हसू आवरलं.

"काय गं?"

"काही नाही हो. तुम्हाला मेली खोडच आहे ही. आईंनाही दर वर्षी सांगायचात, यंदा गणपतीला नक्की येतो म्हणून. त्या बिचाऱ्या तेवढ्यावर खूश. अंथरूण धरलं तेव्हा मी म्हटलं, कळवू या. तर म्हणाल्या, कशाला, तो येतोच आहे."

"आता ते कशाला काढतेस?"

"काढत नाही. आठवलं."

रत्नाकर तेव्हा तेराव्याला पोचला होता. त्यानं विषय बदलला.

पाचव्या दिवशी सकाळी कादिरचा फोन आला. कादिर अबू नासिरचा ड्रायव्हर, फाटकाजवळच्या खोलीत राहणारा. "भाई, बाबा को अस्पताल ले गये। फजर की नमाज़ को उठे ही नहीं। हाथ-पाँव एकदम बर्फ।"

पहाटे पारा शून्याखाली उतरायला लागला होता. हातातलं काम सोडून रत्नाकर दुपारी पोचला. घरात पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला, बाहेरच्या उन्हात यापेक्षा ऊब होती. डबीवर तापमानाचा आकडा होता अकरा. बाजूला रिकाम्या घराचं छोटं चित्र.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. घरात माणूस आहे की नाही, हे त्या ॲपला फोनवरून कळतं. त्यात फोन एकच, नासिरचा. नासिर रियाधला गेला आणि घर रिकामं झालं. आत बसलेला म्हातारा त्याच्या हिशेबी कोणीच नव्हता.

"तू नासिरला कळवलं का नाहीस?" तो कादिरवर ओरडला.

"मैं बोला, बाबा, बहुत ठंडा है, फोन करूँ? बाबा मोटा फरवा ओढके उधर दीवार के पास बैठे थे।" कादिरनं बटणाकडे बोट दाखवलं. "बोले, नहीं, मुहंदिस ने लगाया है। अभी गरम होगा।"

रत्नाकर बटणापाशी गेला. हे बटण नसतं तर म्हाताऱ्यानं पहिल्याच रात्री आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतलं असतं. आपल्या थापेनं त्याचं तोंड बंद केलं.

बटण काढून खिशात टाकलं असतं तर थापेचा कोणाला पत्ता लागला नसता. पण त्यानं एमसीबी पाडला, तारेचे दोन तुकडे कापले आणि बटणाच्या पाठीमागून नेऊन डबीच्या त्याच दोन स्क्रूंखाली आवळले. आता डबी काहीही म्हणो, बटणानं सांगितलं की बॉयलर पेटणार. एमसीबी वर केला मात्र, मागच्या खोलीत बॉयलर धडधडला.

तासाभरानं मोबाईल वाजला. नासिर, हॉस्पिटलमधून.

"घरी कोण आहे? अकराचे सतरा झालेत. ॲप तर घर रिकामं दाखवतंय."

"मी आहे, रत्नाकर." त्यानं डबीवरच्या रिकाम्या घराच्या चित्राकडे पाहिलं. "साहेब, ते चार दिवस असंच दाखवत होतं. बाबांकडे फोन नव्हता ना."

रत्नाकर थांबला नाही.

"आणि जुनं बटण मी नुसतंच लावलं होतं. तार नव्हती. चालतं म्हणून सांगितलं. म्हणून त्यांनी तुम्हाला फोन करू दिला नाही. माझी चूक आहे." राहण्याचा परवाना तो इकामा, नोकरी, जे काय व्हायचं असेल ते होवो. बोलून गेला.

नासिर म्हणाला, "बाबा गेले. दुहरच्या, दुपारच्या अजानच्या वेळी."

रत्नाकरनं भिंतीवरच्या बटणाकडे पाहिलं.

"आता तार आहे?" नासिरनं विचारलं.

"आहे."

"किती वर ठेवलंयस?"

"मी हात नाही लावला, साहेब. त्यांनी पूर्ण फिरवून ठेवलं होतं. मी फक्त तारा जोडल्या."

नासिर रडत होता की नुसता श्वास घेत होता, कळेना. "राहू दे," तो म्हणाला, "आम्ही त्यांना आणतोय." आणि फोन बंद झाला.

कादिरनं बाहेरच्या चपला नीट लावायला घेतल्या. म्हाताऱ्याचा फरवा, लोकरीचा तो जाड झगा, भिंतीपाशी तसाच पडला होता. रत्नाकरनं तो उचलला, झटकला, घडी घातली आणि तापलेल्या रेडिएटरवर ठेवला.