उधाण, तारली आणि अडलेलं जहाज

शेवटचा टेकू पडला, तरी जहाज जागचं हललं नाही.

मर्सी हॉकिन जहाजाकडे धावली. नवरा गेल्यापासून कॉर्नवॉलच्या त्या खाडीवरची गोदी तिनेच चालवली होती. दहा तोफांची, दोन डोलकाठ्यांची ही ब्रिग तिने स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती. या जातीची जहाजं वारंवार बुडत, म्हणून खलाशी त्यांना 'शवपेट्या' म्हणत, पण आरमाराची हौस काही भागत नव्हती. अशीच दुसरी ब्रिग बांधायचं काम मर्सीलाच मिळणार होतं. ही आजच्या उधाणात पाण्यात गेली तरच.

"थंडीनं घसरणीवरची चरबी थिजलीय, वहिनी!" जहाजाखालून म्हातारा जोसाया मिस्त्री ओरडला. "गडी वर चढवा आणि डेकवर या कडेपासून त्या कडेला पळवा. हलवलं की सुटेल!"

गडी शिडीकडे वळले, तोच कड्यावरच्या टेहळ्याचा कर्णा वाजला. "तारली आली! तारली!"

मग काय विचारता! वर्षाची बेगमी खाडीच्या तोंडाशी चमकत होती. सगळे गडी होड्यांकडे धूम पळाले. मागे उरल्या बायका, जोसाया आणि जहाज पारखायला आलेले आरमाराचे ब्रॅग्ज साहेब.

"तुमच्या नवऱ्याचं जहाज अडलं म्हणायचं," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "आता ओहोटी लागेल."

नवऱ्याचं? मर्सीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बायांनो, चढा वर!"

"अगं, बाई आधी चढली तर जहाज बुडतं म्हणतात," थॉमसीन काकी कचरली.

"शवपेटीला आणखी कसला अपशकुन, काकी? चढा!"

घागरे खोचून बायका चढल्या. "डावीकडे!" मर्सी गरजली. धडधड धडधड! "उजवीकडे!" कुणी आपटलं, कुणी खिदळलं, काकी तर सगळ्यांच्या पुढे पळत होती. फळ्या कण्हल्या. जहाज इंचभर सरकलं, थबकलं.

"आणखी एकदा, बायांनो!"

आणि ते सुटलं! खालून घासून तापलेल्या चरबीचा धूर उसळला, किनारा मागे पळाला, ब्रिग खाडीत धप्पकन बसली आणि डौलात तरंगली. मर्सी एकाच वेळी हसत होती आणि रडत होती.

"मालकीणबाई, नांगर!" जोसाया किनाऱ्यावरून ओरडला. इतक्या वर्षांत त्याने तिला पहिल्यांदाच मालकीण म्हटलं. तिने कुऱ्हाडीच्या एका घावात कठड्याला नांगर बांधलेला दोर तोडला आणि नांगर पाण्यात सोडला.

साहेब गुडघाभर पाण्यात शिरून टोपी हलवत होते. "बाई, दुसरं जहाजही तुमचंच! उद्याच कामाला लागा!"

मर्सीने होड्यांकडे पाहिलं. जाळी तुडुंब भरली होती.

"उद्या नाही जमायचं, साहेब!" ती ओरडली. "उद्या आम्हाला मासळी खारवायचीय!"