तीनशे सतरा नंबरचं विमान

रावजी सकपाळ हवाई दलातली वीस वर्षांची नोकरी संपवून उमरठला परतले, तेव्हा त्यांची अनुपमा चार वर्षांची होती. तिला बाप आठवतो तो नाचणीच्या वावरात वाकलेला. विमानं त्यांच्या घरात कधी आलीच नाहीत. भिंतीवर वर्दीतला फोटो नाही, कपाटात पदक नाही. कोणी विचारलंच तर "नट-बोल्ट आवळायचो," एवढं बोलून आबा विषय मोडायचे. पुढे अनुपमा पुण्याला संगणकावरच्या खेळांसाठी विमानं बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत लागली, तेव्हाही त्यांनी फारसं काही विचारलं नाही.

मग एका वर्षी तिच्या कंपनीकडे मिग या लढाऊ विमानाचं काम आलं. परदेशातल्या कुणाचा तरी हवाई लढाईचा खेळ होता, जगभर खेळला जाणारा. त्यात रशियन मिग आधीपासून होती. आता त्याच विमानाची परदेशांना विकण्यासाठी काढलेली, आपल्याकडे आलेली आवृत्ती त्यात घालायची होती. अनुपमाकडे फोटो होते, आराखडे होते. पण रंग कुठे झिजतो, शिडी कुठे टेकते, वैमानिकाचा बूट नेमका कुठे घासतो, हे कुठल्या फोटोत नीट दिसेना. दिवाळीला घरी आल्यावर तिने भीतभीतच आबांना विचारलं.

आबा अंगणात कोयतीला धार लावत होते. "कुठली मिग? त्यांची का आपली?"

"आपली. बाहेर विकायला बनवलेली."

आबा हसले. "आपण चांगला आंबा बाजारात धाडतो नि डागी घरात खातो. त्यांचं उलटं. चांगलं घरात ठेवायचं नि उरलेलं आपल्याला. पण डागी म्हणून आम्ही तिला कधी टाकून बोललो नाय हां."

आणि ते बोलायला लागले. चार दिवस बोलले. अनुपमा फोनवर सगळं रेकॉर्ड करत होती. मे महिन्यात पत्र्याला हात लावला की कातडी कशी सोलून निघायची, विमान उतरताना मागे उघडणाऱ्या छत्रीची घडी कशी करायची, डाव्या बाजूचा रंग कुठे उडायचा. तिची आई साळूबाई चहा घेऊन यायची आणि तिथेच दाराशी टेकून उभी राहायची. चाळीस वर्षांच्या संसारात तिने हे ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी साळूबाई बाजाराला गेली होती. आबा म्हणाले, "एक विमान होतं. तीनशे सतरा नंबरचं. माझ्याच ताब्यात असायचं."

ते अरविंद नावाचे एक साहेब उडवायचे. पंचविशीतला पोरगा, आबांपेक्षाही लहान. एका सकाळी आबांनी त्यांना पट्टे बांधून दिले, शिडीवरून उतरायला लागले, तर साहेबांनी पाणी मागितलं. बाटली खाली पेटीवर होती. पुढचं विमान धावपट्टीला लागलं होतं, मागून हाका चालल्या होत्या. आबा म्हणाले, आल्यावर घ्या साहेब. शिडी काढली. वर गेल्यावर सातव्या-आठव्या मिनिटाला विमानाला पक्षी धडकला. साहेबांना बाहेर पडायला वेळ मिळाला नाही.

"कुणाची चूक नव्हती," आबा म्हणाले. "चौकशी झाली, मला कोण काय बोललं नाय. पाण्याचं कुणी विचारलंच नाय, मग मी पण सांगितलं नाय." थोडा वेळ ते कोयतीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "हे तुझ्या खेळात घालू नको, अनू. तो नंबर पण नको."

"नाही घालणार, आबा."

पुण्याला गेल्यावर काम जोरात सुरू झालं. विमान उभं राहिलं. आबांनी सांगितलेली प्रत्येक खरचटलेली जागा त्यावर होती. कंपनीतले सगळे म्हणत होते, इतकं जिवंत विमान आपण आजवर केलं नाही. शेवटी नाकावर नंबर घालायचा राहिला. सेजल नावाची तिची सहकारी अनुपमाच्या टिपणांमधून नजर फिरवत होती. तिने विचारलं, "हा तीनशे सतरा छान दिसेल. टाकू?"

अनुपमा क्षणभर थांबली. दुसरा कुठलाही आकडा चालला असता. पण इतकं सगळं खरं असताना नंबर तेवढा खोटा, हे तिला खटकलं. आबांकडे संगणक नाही, ते कधी बघणार आहेत, असंही मनात आलं.

"टाक," ती म्हणाली.

फेब्रुवारीत विमान खेळात आलं. शिमग्याला अनुपमा गावी निघाली. पोलादपूरला उतरून ती अनिलदादाच्या दुकानात गेली. अनिल हा तिचा चुलत भाऊ, स्टँडसमोर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. आबा तिला न्यायला तिथेच येणार होते. ती आत शिरली, तर आबा स्टुलावर बसले होते, डोक्यावरची टोपी गुडघ्यावर ठेवून, आणि समोर संगणकाच्या पडद्यावर तीनशे सतरा धावपट्टीवरून सुटत होतं.

"ये ये," अनिल खुशीत होता. "काकांना म्हटलं, तुमच्या पोरीनं काय बनवलंय ते बघा तरी."

तिने काही बोलायच्या आत पडद्यावरच्या विमानाला मागून आग लागली. ते गिरक्या घेत खाली गेलं आणि शेतात आदळलं. अनिलने कळ दाबली. दोन-तीन सेकंदांत तेच विमान, तोच नंबर, पुन्हा धावपट्टीवर चकचकीत उभं.

"घाबरू नका काका, परत येतं ते."

आबा पडद्याकडेच बघत होते. "उतरव त्याला."

"काय?"

"खाली उतरव. चाकांवर. नीट."

अनिल हसला. "उतरवत कोण बसत नाय ओ. यात मारायचं, नायतर मरायचं."

"तू उतरव."

अनिलने तीनदा प्रयत्न केला. एकदा विमान धावपट्टीच्या अलीकडेच आपटलं, दोनदा उलटलं. तिसऱ्या वेळेला आबांनी टोपी डोक्यावर घातली. "चल, अनू. उमरठची मिनीडोर भरली असंल."

घरी पोचल्यावर आबा जेवले, गुरांना वैरण टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी अनुपमा त्यांच्यामागोमाग विहिरीवर गेली.

"आबा, चुकलं माझं. मी काढायला सांगते तो नंबर."

आबांनी दोर ओढून कळशी वर घेतली. "नंबराचं काय, रंगानं लिवलेला असतो. पुसता येतो." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझ्या आईला पण नाय."

आबांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ती पुण्याला गेली, वरिष्ठांच्या मागे लागली आणि खेळाच्या पुढच्या बदलात, म्हणजे अपडेटमध्ये, नंबर काढून टाकायचं ठरवून घेतलं.

तो बदल बाहेर पडायच्या आठवड्यात कंपनीच्या पत्त्यावर एक मेल आला. सेजलने तो तिच्याकडे पाठवला. लिहिणाऱ्या बाईंचं नाव निशिगंधा. त्यांनी लिहिलं होतं, 'माझा मोठा भाऊ अरविंद हवाई दलात होता. तो गेला त्या विमानाचा हाच नंबर. माझ्या मुलाच्या खेळात तो अचानक दिसला. हा नंबर कुणी निवडला? भावाला ओळखणारं तुमच्याकडे कोणी आहे का? शेवटच्या दिवशी त्याला कुणी पाहिलं होतं का? आईवडील हेच विचारत गेले. आता विचारणारी मी एकटी आहे.'

अनुपमाने तो मेल चार वेळा वाचला आणि आबांना फोन लावला. मेल वाचून दाखवला.

"काय कळवू, आबा?"

"काय कळवणार? पाणी मागितलं नि दिलं नाय, असं?"

"तसं नाही. तुम्ही होतात तिथे, एवढंच."

"एवढंच सांगून भागत नसतं. कायच सांगू नको."

एकदा शब्द मोडला होता. या वेळी तो अक्षरशः पाळायचा, असं अनुपमाने ठरवलं. तिने उत्तर लिहिलं. 'नंबर सहज निवडलेला होता, योगायोग समजावा. आपल्या भावाविषयी वाचून वाईट वाटलं.' लगेच दोन ओळींचं उत्तर आलं. 'ठीक आहे. निदान तो नंबर तसाच राहू द्या. मी रोज एकदा बघते.'

नवा बदल त्याच दुपारी बाहेर पडला होता. विमानाच्या नाकावर आता दुसरेच आकडे होते.

हे तिने आबांना सांगितलं नाही. गणपतीला ती घरी गेली, तेव्हा मखर बांधताना आबांनीच विषय काढला. "त्या बाई कुठं राहतात गो?"

"मुंबईला असाव्यात. का?"

"जाऊन येतो म्हणतो. कायपण म्हणू देत मला. इतकी वर्षं वाट बघतात त्या. मी नाय म्हटलं ते चुकलंच."

अनुपमाच्या हातातली दोरी तशीच राहिली. मग तिने सगळं सांगितलं. आपण काय लिहिलं ते, बाईंनी काय मागितलं ते, आणि नंबर कधी गेला तेही.

"तू खोटं लिवलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, काहीच सांगू नको."

"व्हय," आबा हळूच म्हणाले. "मीच म्हणलो."

त्याच दिवशी अनुपमाने निशिगंधाबाईंना लांबलचक मेल लिहिला. आबा कोण, कुठे होते, त्यांना येऊन भेटायचं आहे, सगळं. उत्तर आलं नाही. दहा-बारा दिवसांनी बाईंच्या मुलाचा, साहिलचा, फोन आला. तो शांतपणे बोलला. "आधी तुम्ही योगायोग म्हणालात. आता वडील होते म्हणता. आईला कशावर विश्वास ठेवायचा तेच कळत नाही. तिला पुन्हा हा विषय नको आहे. माफ करा."

"वडिलांनी पत्र लिहिलं तर चालेल का?"

"पत्ता देतो. पण ती वाचेलच असं नाही."

आबांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. दोन दिवस लागले. शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या आणि पुढे हवाई दलात इंग्रजी फॉर्म भरून बदललेल्या अक्षरात, तीन पानं. अनुपमाला वाचायला दिलं नाही, साळूबाईला मात्र पडवीत बसवून संपूर्ण वाचून दाखवलं. ती डोळ्याला पदर लावून ऐकत राहिली आणि शेवटी इतकंच म्हणाली, "मला आधीच सांगायचं होतंत." मग दोघं पोलादपूरला गेली आणि रजिस्टर पोस्टाने पत्र टाकून आली.

पोचपावती आठवड्याने आली. सही निशिगंधाबाईंचीच होती. त्यापुढे काही आलं नाही. दसरा गेला, भाताची कापणी झाली. अनुपमा दर रविवारी फोनवर विचारते, काही आलं का. आबा नाही म्हणतात, आणि यंदा नाचणी किती झाली ते सांगायला लागतात.