हाडाच्या वर दोन बोटं

दीपमाला भोये सावकाश पळत असली, की तिच्या हातातलं घड्याळ भलतंच काहीतरी सांगायचं. ती मजेत असायची. पळता पळता बोलता यायचं, गाणं गुणगुणता यायचं, गिरणारे रस्त्याच्या कडेला द्राक्षघडांना कागद लावणाऱ्या बायकांना हाक मारता यायची. घड्याळावर मात्र नाडीचा आकडा एकशे शहात्तर. जणू मागे वाघ लागलाय.

आणि ललित सरांचा विश्वास घड्याळावर होता. ललित आहेर मूळचे चांदवडचे, स्वतः एकेकाळी लांब पल्ल्याचे धावपटू, आता नाशकात दहा-बारा मुलींना शिकवत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडचा एक मुलगा शर्यतीत कोसळला. वाचला, पण त्याचं पळणं सुटलं ते सुटलंच. त्यानंतर सरांनी कुठून कुठून मदत गोळा करून सगळ्यांसाठी नाडी मोजणारी घड्याळं आणली आणि रोज संध्याकाळी प्रत्येकीचा आकडा बघायला सुरुवात केली. सावकाश पळताना ज्याची नाडी खाली राहत नाही, त्याला लांब पळवायचं नाही, असा त्यांनी नियमच केला.

दीपमालाने ईसीजी काढून आणला. तो व्यवस्थित होता. सरांनी तो नीट वाचला आणि परत दिला.

"ईसीजी झोपवून काढतात, पोरी. तू काय झोपून पळणार आहेस?"

"सर, मला काही होत नाही पळताना."

"त्या पोरालाही होत नव्हतं." सर म्हणाले, "रविवारी बारा किलोमीटरची चाचणी आहे. पहिल्या तिघी अर्ध मॅरेथॉनला जातील. तूही पळ. पण सहा किलोमीटरवर, परत फिरायच्या वळणावर, मी उभा असेन. एकशे पासष्टच्या वर आकडा दिसला, तर तिथंच थांबवीन आणि स्कूटरवर बसवून परत आणीन. मग हे वर्षभर तुझं नाव पाच किलोमीटरच्या वर जाणार नाही."

पाच किलोमीटर म्हणजे दीपमालासाठी काहीच नाही. तिचे पाय तापायच्या आत ती शर्यत संपायची आणि ती कायम सातवी-आठवी यायची. सुरगाण्याच्या डोंगरात शाळेला चढून जाण्यात तिचं लहानपण गेलं होतं. अंतर वाढत गेलं, की बाकीच्या मंदावायच्या आणि ही तशीच राहायची. तिच्याकडे वेग नव्हता, टिकणं होतं. एकवीस किलोमीटर ही तिची शर्यत होती आणि ती तिला पळायचीच होती.

दुसऱ्या दिवशी सरावात तिने मध्येच थांबून मानेवर बोटं ठेवली. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं. एकशे अठ्ठेचाळीस. म्हणजे बोटं आणि घड्याळ यांतलं एक कुणीतरी चुकत होतं. मग तिला आणखी एक गोष्ट मोजावीशी वाटली. ती परत पळायला लागली आणि मिनिटभर आपली पावलं मोजली.

एकशे शहात्तर.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला तिचा विषय भौतिकशास्त्र होता. दोन वेगळ्या गोष्टींचे आकडे रोज इतके तंतोतंत जुळत नाहीत, हे तिला कळत होतं. जुळले, तर मोजली जातेय ती एकच गोष्ट.

म्हसरूळच्या खोलीवर आल्यावर ती खाटेवर बसली आणि डावा हात पळताना हलवावा तसा पुढेमागे हलवायला लागली. तिची खोलीतली जोडीदारीण सरिता दारातून आत येता येता थबकली. सरिता विंचूरची, घरचे कांद्याचे व्यापारी, आणि जीभ कांद्याहून तिखट. तीही सरांकडेच पळायची.

"कुणाला टाटा करतेस गं?"

"इकडे ये. माझ्या मानेवर बोटं ठेव आणि मोज."

"आधी सांग, वेड लागलंय का?"

"मोज तर."

सरिताने मोजलं. बहात्तर. दीपमाला हात हलवतच होती. घड्याळावर नव्वद झाले, एकशे दहा झाले, मग एकशे चाळीसच्या आसपास आकडा बसला.

"अगं बाई," सरिता म्हणाली, "खाटेवर बसून दहा किलोमीटर मारलेस की तू!"

दीपमालाने हात थांबवला. घड्याळाच्या पोटातून हिरवा प्रकाश कातडीत जातो. रक्ताची लाट आली, की तो जास्त शोषला जातो, लाट ओसरली की कमी. परत येणाऱ्या प्रकाशाची ही वरखाली म्हणजे नाडी. पण घड्याळ सैल असलं, तर प्रत्येक पावलाला ते कातडीवरून उचलतं आणि आपटतं. मग प्रकाशाची वरखाली होते ती रक्तामुळे नाही, आपटण्यामुळे. बिचारं घड्याळ तेच मोजत राहतं.

"सैल घालतेस तू," सरिता म्हणाली. "आणि नेमकं मनगटाच्या हाडावर. हाड काय नाडी देणार? वर घे. हाडाच्या वर दोन बोटं, आणि आवळ. माझं बघ."

आता, सैल घालायचं कारण होतं. लहानपणापासून दीपमालाने हातात घातल्या त्या बांगड्याच, आणि बांगडी हातात खेळती पाहिजे. घड्याळही तिने तसंच घातलं होतं. पण हाडावर घालायचं कारण वेगळं होतं. हाडाच्या वर तिचं गोंदण होतं. अकरा वर्षांची असताना कुसाबाई आजीने जत्रेत स्वतःच्या शेजारी बसवून गोंदून घेतलं होतं. दोन्ही हातांवर चार-चार बोटं रुंद, ठिपके आणि त्रिकोण यांची गच्च पट्टी. "मेल्यावर दागिने काढून घेत्यात," आजी म्हणाली होती, "ह्यो येवढाच बरोबर येतो. झाकू नको कधी." दीपमालाचा त्यावर विश्वास होता की नाही, हे तिने कधी तपासलं नव्हतं. पण पूर्ण बाह्यांचा शर्ट तिने आजवर घातला नव्हता.

तिने घड्याळ दोन बोटं वर सरकवलं, पट्टा आवळला. आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. मिनिटभर थांबली. रेघाच.

"मेलीस की काय?" सरिता म्हणाली.

"शाई," दीपमाला म्हणाली. "प्रकाश गोंदणच पिऊन टाकतंय. रक्तापर्यंत पोहोचतच नाही."

"मग दुसऱ्या हातावर घाल."

दीपमालाने दुसरा हात पुढे केला. तिथलं गोंदण जास्तच दाट होतं.

सरिता खाटेवर बसली. तिला हसू येत होतं आणि येत नव्हतंही. रविवारी तिसऱ्या जागेसाठी या दोघींतच चुरस होती आणि ते दोघींनाही माहीत होतं. पहिल्या दोघी ठरल्यासारख्याच होत्या.

दीपमालाने हात उलटा केला. आतल्या बाजूची कातडी कोरी होती. तिने घड्याळाची तबकडी आत घेतली, मनगटाच्या घडीपासून दोन बोटं वर, आणि पट्टा लावला. एकोणसत्तर. सरिताची बोटं मानेवर होती. तिची मोजणी अडुसष्ट आली.

त्यानंतर दोन दिवस तिने फक्त पट्ट्याची भोकं तपासली. तिसऱ्या भोकावर घड्याळ पावलं मोजायचं. पाचव्यावर पंधरा मिनिटांत बोटांना मुंग्या यायच्या आणि आकडा भरकटायचा, कारण दाबलेल्या कातडीत रक्तच नीट येत नव्हतं. चौथं बरोबर होतं. घड्याळ अंगठ्याने सरकवून बघायचं: कातडी त्याच्याबरोबर सरकली तर ठीक, घड्याळ एकटंच सरकलं तर सैल. पळून झालं, की लगेच एक भोक ढिलं करायचं.

एकच अडचण उरली. तबकडी आत गेली, तरी पट्टा गोंदणावरून जात होता. तिने आजीला फोन लावला.

"आजी, गोंदणावर पट्टा येतोय."

"कसला पट्टा?"

"घड्याळाचा. पळायपुरता. मग काढीन."

"मग इचारतीस काय?"

"तूच म्हणाली होतीस ना, झाकू नको."

"अगं, मी भात लावते तव्हा कोपरापातूर चिखल असतो. गोंदण जातं का उडून? शहरात राहून येडी झालीस." आणि मग, "जेवलीस का?"

रविवारी सकाळी थंडी चांगलीच होती. सोमेश्वरच्या पुढे मुली हात चोळत उभ्या होत्या. सरांची नजर पहिल्यांदा दीपमालाच्या मनगटावर गेली.

"हे काय? आमच्या शाळेत गणिताच्या बाई घालायच्या असं, आत तबकडी करून."

तिने सांगितलं. पावलांचं, गोंदणाचं, भोकांचं. थोडक्यात. सरांनी मध्ये न बोलता सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "आकडा पसंत पडेपर्यंत तू घड्याळ सरकवलंस."

तिला राग आला. पण शंका बरोबर होती. प्रयोगशाळेत तिनेही हीच घेतली असती.

"मग वळणावर तुमच्या बोटांनी मोजा, सर."

"थांबावं लागेल."

"थांबते."

"थांबलेला वेळ मी वजा करणार नाही. बाकीच्या पोरींना काय सांगू?"

सरिता शेजारीच बुटांची नाडी बांधत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले.

"करू नका वजा," दीपमाला म्हणाली.

पहिले सहा किलोमीटर ती मोजून पळाली. दोघी पुढे निघून गेल्या, त्यांच्याकडे तिने पाहिलं नाही. सरिता वीस-पंचवीस पावलं मागे होती. तिचे बूट ऐकू येत होते. वळणावर सर स्कूटरला टेकून उभे होते. दीपमाला त्यांच्यापुढे येऊन थांबली, हात उलटा करून धरला आणि मान वर केली. घड्याळावर एकशे अठ्ठावन्न होते.

सरांची थंड बोटं मानेवर आली.

"दीपे, मी थांबत नाही हां!" सरिता ओरडली आणि वळून निघून गेली.

"एकोणचाळीस," सर पंधरा सेकंदांनी म्हणाले. म्हणजे एकशे छप्पन्न. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांची बोटं हलली नाहीत. "एकदा जुळलं तर योगायोग असू शकतो. अजून पंधरा."

तिचे पाय आतून ओढ घेत होते. सरिताची पाठ लहान होत चालली होती. दीपमाला जागची हलली नाही. हे अर्धवट सोडलं, तर पुढच्या वेळी पुन्हा हेच होणार होतं, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. तिने श्वास सोडला आणि मान आणखी वर केली.

"चौतीस." एकशे छत्तीस. घड्याळ एकशे अडतीसवर आलं होतं. दोन्ही आकडे बरोबरीने उतरत होते.

सरांनी बोटं काढली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता. खूप दिवस उचलून धरलेलं काहीतरी खाली ठेवावं, तसे ते दिसले.

"पळ."

"परतीला किती चालेल, सर?"

"परतीला शर्यत असते. पळ म्हटलं ना!"

सरिता रस्त्याकडेचे विजेचे तीन खांब पुढे होती. दीपमालाने एकदम वेग घेतला नाही. तिच्याकडे तो नव्हताच. तिने पावलं तेवढीच ठेवली आणि लांब केली. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये एक खांब कमी झाला. चढावर दुसरा. सर्दी झाल्यासारखं नाक वाहत होतं, बरगडीत कळ आली आणि थोड्या वेळाने गेली. तिने एकदाच मनगट उलटं करून पाहिलं. एकशे अठ्ठ्याहत्तर. जवळपास तोच आकडा. पण आता खरंच बोलता येत नव्हतं, गाणं तर दूरच. हा आकडा तिने स्वतः चढवला होता.

शेवटच्या किलोमीटरला तिला सरिताचा श्वास ऐकू आला.

"आलीस का भुता," सरिता धापा टाकत म्हणाली आणि जोर लावला. दोघी बऱ्याच अंतरापर्यंत खांद्याला खांदा लावून पळाल्या. सरिता दोनदा पुढे गेली. तिसऱ्यांदा तिला जमलं नाही.

सर स्कूटरवरून आधीच पोहोचले होते. दीपमाला रेघ ओलांडून आली, तसा त्यांनी तिचा हात धरला आणि घड्याळाकडे बघत नुसते उभे राहिले. एकशे ऐंशी. एकशे एकाहत्तर. मिनिटाच्या आत एकशे चाळीस. आकडा उतरतोय, अडकत नाहीये, हे पुरतं दिसेपर्यंत त्यांनी हात सोडला नाही.

"पट्टा ढिला कर," ते म्हणाले. मग वळून बाकीच्या मुलींना हाक मारली, "ए, सगळ्यांनी हात पुढे करा. कुणाकुणाचं घड्याळ हाडावर आहे ते बघू दे."

सरिता रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसली होती. डोळे पाण्याने भरले होते आणि ते ती लपवतही नव्हती.

"दोन बोटं वर घे, असं मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "माझ्याच पायावर मी धोंडा पाडून घेतला."

दीपमाला तिच्या शेजारी बसली. तिने पाण्याची बाटली पुढे केली. सरिताने अर्धी पिऊन उरलेली तिच्या डोक्यावर ओतली. थंडीने दीपमाला किंचाळली.

"भोये," सर मुलींच्या घोळक्यातून म्हणाले, "उद्यापासून एकवीसचा सराव. साडेपाचला. आणि आहेस तशीच ये, आतून घड्याळ घालून."