खाली उतरणारे

लेकीचा दुसरा पाय शेवटच्या पायरीवरून फरशीवर टेकला आणि शिट्टीबाईने हातातलं घड्याळ थांबवलं.

"चार मिनिटं दहा सेकंद," ती म्हणाली. "मागच्या शनिवारपेक्षा वीस सेकंद कमी. पण अहो, तुम्ही पुन्हा चपला शोधत बसलात."

"मग पुरात अनवाणी जाऊ का?" नवरा धापा टाकत म्हणाला.

"चपला दाराशीच ठेवायच्या. तक्त्यात लिहिलंय. सहावी ओळ."

नवऱ्याने लेकीकडे पाहिलं, लेकीने कठड्याकडे. तक्त्यापुढे कुणाचं चालत नाही हे दोघांच्याही अंगवळणी पडलं होतं.

शिट्टीबाई सूतगिरणीत सुरक्षा अधिकारी होती. वर्षातून दोनदा ती शिट्टी फुंकायची आणि सहाशे माणसं यंत्रं बंद करून अंगणात येऊन रांगेत उभी राहायची. हे नाव कामगारांनीच पाडलेलं. ते घरापर्यंत कसं पोचलं कोण जाणे, पण नवरा ते तिच्यापासून दोन खोल्या लांब असतानाच उच्चारत असे.

आता गिरणीतली तालीम घरात आली होती. वरच्या धरणाच्या भिंतीला तडे गेल्याचं आढळलं आणि दुरुस्ती होईपर्यंत सगळ्यांनी सावध राहावं, अशी पत्रकं घरोघर वाटली गेली. भोंगा वाजल्यापासून वीस मिनिटांत पाणी गल्लीत येईल, चार मजली इमारतीही गच्चीपर्यंत बुडतील, लोकांनी टेकडीवरच्या शाळेत जावं. शिट्टीबाईने पत्रक दोनदा वाचलं आणि कागद-पेन्सिल घेतली. जिना उतरायला चार मिनिटं, शाळेपर्यंत चालायला बारा. एकूण सोळा. चार मिनिटं हाताशी राहत होती.

हा हिशेब तिघांचा होता. घरात चौथ्या होत्या सासूबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीतून पलंग ते खुर्ची आणि खुर्ची ते न्हाणीघर एवढंच फिरत. एकदाच त्यांना खुर्चीला बांधून खाली न्यायचा प्रयत्न झाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचायलाच नऊ मिनिटं लागली आणि तिथे नवऱ्याच्या पाठीत उसण भरली. शेजाऱ्यांनी खुर्ची परत वर चढवली. सासूबाई हसत म्हणाल्या होत्या, "चला, तेवढीच हवापालट." त्यानंतर तो विषय घरात कुणी काढला नाही. तक्त्यात एक रकाना होता, 'खाली उतरणारे'. त्यापुढे शिट्टीबाईने तीनचा आकडा घातला. घालताना तिचा हात थांबला होता. मग तिने तक्ता स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवला आणि दुसऱ्या कामाला लागली.

त्या शनिवारी तालीम आटपून ती वर आली तेव्हा सासूबाईंच्या खोलीचं दार बंद होतं. घड्याळात चार वाजून गेले होते, म्हणजे दार बंदच असणार.

हे खूळ ख्रिस्ती देवळातल्या पाळकसाहेबांच्या प्रवचनानंतर सुरू झालं होतं. पाणी, औषधं, विजेरी भरून ठेवता तसा विश्वासही आधीच भरून ठेवा, असं ते म्हणाले होते. भोंगा वाजल्यावर घरभर विश्वास शोधत फिराल तर सापडायचा नाही. रोज प्रार्थना करा. अंधारात पुस्तक दिसणार नाही, तेव्हा बायबलमधली वचनं पाठ करा. नवऱ्याने घरी येऊन आईला सगळं प्रवचन सांगितलं आणि तिने ते मनावर घेतलं. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. तिने वचनांची यादी केली, पाठ झालेल्यावर खूण, अडखळलं तर अर्धा गुण. नात परीक्षा घ्यायची. आजीला एकदा दहापैकी साडेसहा पडले तर ती दिवसभर घुश्शात होती.

दुपारी चार ते पाच मात्र नातीलाही मज्जाव. दार बंद, पडदे ओढलेले, दिवा नाही. कानातलं यंत्रसुद्धा काढून उशाशी ठेवायचं.

"आई, अंधारात एकट्या बसता, पडलात-बिडलात तर?" शिट्टीबाईने विचारलं होतं.

"बसलेलं माणूस कुठे पडतं? जा तू."

शिट्टीबाईला या सगळ्याचं कौतुक होतं, पण दुरून. ती देवळात नेमाने जायची, गाणी म्हणायची, प्रार्थनेला डोळेही मिटायची. पण मिटल्या डोळ्यांपुढे तिला बहुतेक वेळा गिरणीतली आग विझवायची नळकांडी आणि त्यांच्या मुदती दिसत. पाळकसाहेबांनी हे ओळखलं असावं. त्यांनी तिच्याकडे प्रार्थना मागितली नाही, तक्ता मागितला. प्रत्येक कुटुंबाने भरावा असा, सोपा. तिने गिरणीतला तक्ता घेतला, यंत्रांचे रकाने काढले, औषधांचे घातले, शेवटी 'कौटुंबिक प्रार्थनेची वेळ' लिहिलं आणि छापून दिला. एकेचाळीस घरांचे तक्ते भरून आले. पाळकसाहेबांनी तिचं सगळ्यांसमोर नाव घेतलं. तिला बरं वाटलं.

त्या गुरुवारी गिरणीत बॉयलरची तपासणी होती, म्हणून दुपारची पाळी लवकर सुटली. शिट्टीबाई चार वाजायच्या बेताला घरी पोचली. नवरा चष्म्याच्या दुकानात, लेक शिकवणीला. ती चपला काढत होती तोच आतून सासूबाईंचा आवाज आला. कानात यंत्र नसलं की त्यांना स्वतःचा आवाज कळत नसे. त्यांना वाटायचं आपण पुटपुटतोय, आणि त्या अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं बोलत.

"भोंगा वाजला," सासूबाई म्हणत होत्या. "पहिलं मिनिट. पोरीने दप्तर उचललं. देवा, तिला जिन्यावर पळू देऊ नकोस."

शिट्टीबाई दाराशी थबकली. आत बराच वेळ शांतता होती. आतल्या, अंधारात काटे चमकणाऱ्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"चौथं मिनिट. तिघं खाली पोचली. आभारी आहे."

पुन्हा शांतता. शिट्टीबाईला आत जाता येईना आणि तिथून हलताही येईना.

"दहावं मिनिट. चढ लागला. माझ्या लेकाच्या पाठीला सांभाळ. सुनेला मागे वळून बघू देऊ नकोस. ती वळली तर परत येईल. तिला अपराधी वाटू देऊ नकोस, देवा. तिने काही वावगं केलेलं नाही. मी हिशेब तपासलाय, बरोबर आहे."

शिट्टीबाईने दाराच्या चौकटीला धरलं. 

"सोळावं मिनिट. शाळा. तिघंही पोचली. तुझे उपकार."

त्यानंतर सासूबाई पाठ केलेलं एक वचन म्हणू लागल्या. पहिल्या ओळीला आवाज खणखणीत होता, दुसऱ्या ओळीला थरथरला. त्या थांबल्या, पुन्हा सुरुवातीपासून म्हणू लागल्या, आणि पुन्हा तिथेच अडकल्या.

शिट्टीबाईने दार उघडलं, दिवा लावला. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर घट्ट धरलेले. दचकून त्यांनी उशाकडे हात नेला, यंत्र कानात घातलं.

"आज लवकर?"

"पाळी लवकर सुटली."

"कधी आलीस?"

"पहिल्या मिनिटाला."

सासूबाईंनी पदर सारखा केला. मग खिडकीच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "खूप मोठ्याने बोलत होते का मी?"

"हो."

"नातीने तक्ता वाचून दाखवला होता. शाबासकी द्यावी असा आहे. कुठे खाडाखोड नाही."

"आई, मी विसरले तुमचं..."

"तू विसरणारी नाहीस गं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते फार लागलं.

शिट्टीबाई पलंगाच्या कडेला बसली. मग तिने खरं तेच सांगितलं.

"जमतच नव्हतं, आई. कसंही मांडलं तरी वीस मिनिटांत बसत नव्हतं. मला वाटलं, लिहिलंच नाही तर कुणी विचारणार नाही."

"मीसुद्धा तीन तऱ्हांनी मांडून पाहिलं. नाहीच बसत. म्हणून म्हटलं, तुमची तालीम तुम्ही करताय, आपली आपण करावी. ऐन वेळी रडारड केली तर माझा मुलगा दारातून हलायचा नाही. मग चौघंही जातील."

"मग झाली का तयारी?" शिट्टीबाईने विचारलं, आणि विचारल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

सासूबाईंनी मांडीवरचे हात सोडवले.

"सोळा मिनिटांपर्यंत होते," त्या म्हणाल्या. "तोवर मी तुमच्यासाठी मागत असते ना, काही वाटत नाही. शेवटची चार मिनिटं माझी एकटीची असतात. तिथे अजून भीती वाटते. देव आहे हे माहीत असतं, तरी वाटते. रोज तिथेच गाडं अडतं."

शिट्टीबाईने त्यांचा हात हातात घेतला. तो गार पडला होता.  सासूबाई म्हणाल्या, "चहा टाकतेस का? लवकर आलीच आहेस तर."

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता उठला आणि आईच्या खोलीत जाऊन बसला.  शिट्टीबाई कपाटाच्या दारावरच्या तक्त्यासमोर उभी राहिली. गिरणीतली सहाशेही माणसं आपल्या पायांनी कामावर येतात आणि आपल्या पायांनी खाली उतरतात. तिथे 'खाली उतरणारे' मोजले की सगळे मोजून होतात. तो रकाना तिने जसाच्या तसा उचलला होता, स्वतःच्या घरासाठी आणि आणखी चाळीस घरांसाठी.

रविवारी उपासना संपत आली, साक्षीची वेळ झाली. देवाच्या कृपेचा काही अनुभव आला असेल त्याने उभं राहून चार शब्द सांगायचे, अशी त्या मंडळीची रीत होती. ठरावीक चार-पाच माणसं दर आठवड्याला उठत. शिट्टीबाई इतक्या वर्षांत एकदाही उठली नव्हती. ती उठली तेव्हा नवऱ्याने आधी तिच्याकडे, मग जमिनीकडे पाहिलं.

"मी साक्ष द्यायला उठलेली नाही," ती म्हणाली. तिचा आवाज गिरणीत असतो तसाच निघाला, सपाट आणि मोठा. "चूक सांगायला उठलेय. तुम्ही भरलेला तक्ता मी केला. त्यात 'खाली उतरणारे' असा रकाना आहे. आमच्या घरात माणसं चार आहेत. मी तीन लिहिली. माझ्या सासूबाईंना जिना उतरता येत नाही, म्हणून मी त्यांना मोजलंच नाही. त्यांना ते कळलं आणि त्या रोज दार लावून एकट्या मरायची तालीम करत होत्या. मला धड प्रार्थना करता येत नाही. मला चार माणसं हवीत, खुर्ची उचलायला. दर शनिवारी, चार वाजता. सराव केला तर सात मिनिटांत खाली आणता येईल असा माझा अंदाज आहे."

ती बसली नाही. कामाचं बोलून झाल्यावर काही शंका आहेत का हे विचारायची तिला सवय होती, आणि ती तशीच उभी होती.

 पाळकसाहेब पुढ्यातल्या पुस्तकाचं पान उलटायला गेले आणि त्यांनी ते उलटलं नाही. मग डावीकडच्या बाकावरून बेकरीवाला उठला.

"मी येतो," तो म्हणाला. मग थांबला. "आमची आत्या असते वरच्या खोलीत. आम्हीही तिला लिहिलेलं नाही."

त्याच्या बायकोने त्याची बाही ओढली होती. ती सोडून तीच म्हणाली, "दुसरा मजला. जिना अरुंद आहे."

दोन बाकं मागे गाणं शिकवणाऱ्या बाई उठल्या. "माझा धाकटा भाऊ. चालता येतं त्याला. पण भोंगा वाजला की पलंगाखाली शिरतो, ओढूनही निघत नाही. म्हणून मी..." 

आणखी एक जण उठला, मग दोघं एकदम. कुणी सासऱ्यांचं सांगितलं, कुणी बाळंतीण बहिणीचं. नवऱ्याने दुकानाची वही आणि पेन काढून शिट्टीबाईच्या हातात दिलं. ती उभ्यानेच लिहू लागली.

"सावकाश सांगा," ती म्हणाली. "आधी मजला."

सगळ्यात शेवटी दाराजवळच्या बाकावरचे घड्याळजी उठले. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून ते कुणाशी फारसं बोलत नसत. उपासना सुरू झाल्यावर यायचे, संपायच्या आधी जायचे.

"माझ्या घरात एकच माणूस आहे," ते म्हणाले. "मी शून्य लिहिलं होतं."

तो तक्ता तिने पाहिला होता. म्हाताऱ्या माणसाकडून रकाना चुकला असेल असं वाटून तो गठ्ठ्यात खाली सारला होता. तिने वहीत एकचा आकडा लिहिला, नीट, ठळक.

"कितवा मजला?"

"चौथा."

"उद्या संध्याकाळी घरी आहात ना?" शिट्टीबाई म्हणाली. "जिना बघायला येते."