हडंब्याचं तोंड

मळणीयंत्राला आमच्याकडं हडंबा म्हणतात. मागच्या सुगीत त्यानं माझा उजवा हात कोपरापर्यंत नेला. तेव्हापासून गावात 'ए सरजा' बंद झालं आणि 'सरजाबाई' सुरू झालं. मानाची एवढी किंमत असते हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. राग, रडू, काहीच येत नाही मला आता.

यंदा माझ्या जागी लेक, बबिता, हडंब्यावर लागणार होती. ती धडधाकट घरी यावी, याच्यापुढं मला काही नको होतं.

सुगीआधी यंत्रमालक परमेश्वरच्या खळ्यावर एक मॅडम आल्या. देशभरचे हडंबे कसे बनवायचे याचं मानक नव्यानं लिहायचं चाललं होतं. ते लिहिणाऱ्या समितीत कारखानदार, मॅडमसारखे विद्यापीठवाले असतात; वापरणाऱ्यांनाही विचारतात. पीक आत ढकलायचं नमुन्याचं लांब, वरून झाकलेलं तोंड मॅडमनी परमेश्वरच्या यंत्राला बसवलं. यंत्र बंद असताना बबितानं खांद्यापर्यंत हात घातला, तरी बोटं आतल्या दात्यांपासून लांबच राहिली. मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी वाटलं.

सुगी लागली. खळ्यावर गेले तर तोंड अर्धं कापलेलं. झाकण बांधावर पडलं होतं.

"कुणी कापलं वो, भाऊ?"

परमेश्वरनं बबिताकडं पाहिलं.

"मीच सांगितलं, माय," बबिता म्हणाली. "ओलं सोयाबीन तितंच अडकायलंय. काठीनं ढकलत बसल्यावर पोतं कवा भरावं? मजुरी पोत्यामागं हाय."

मी मॅडमना फोन लावला. तोंड का कापलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तोंडाला उतार कमी पडतोय तर. पुढच्या बैठकीत मांडते, सरजाबाई." खोटं बोलत नव्हत्या त्या. बैठक होईल, वाद होतील, मग मानक छापलं जाईल. सोयाबीन मात्र आज खळ्यात होतं.

परमेश्वरनं हडंब्याला जोडलेला ट्रॅक्टर सुरू केला. मी बबिताच्या मागं उभी राहिले आणि तिचा कुडता पाठीवर डाव्या मुठीत धरला.

"माय, लोक हसायलेत."

"हसू दे."

ती पुढं वाकली की मी मागं ओढायची. भूक लागली का, पाय दुखले का, मला आठवत नाही. दिवस मावळताना यंत्र थांबलं.

"सोड आता," बबिता म्हणाली.

मूठ उघडेना. मग तिनंच माझं एकेक बोट सोडवलं, दोन्ही हातांनी.