उंचीप्रमाणे उभे केलेले बोल्ट

समजा, तुमच्या तळहातावर एक बोल्ट आहे. करंगळीएवढा. डोकं सहा कोनांचं, अंगावर आटे. थंडगार लागतोय ना? आता समजा, असे तीसेक बोल्ट तुमच्यासमोर मांडलेत. प्रत्येकाचं घर वेगळं, आणि कोणाचं घर कुठलं ते फक्त तुम्हाला ठाऊक होतं. होतं म्हणतोय मी. कारण आता तुम्हालाही ठाऊक नाही.

घाबरलात? आमच्या गोष्टीतली मुलगीही घाबरली होती. पण हे काही आपोआप झालं नाही, म्हणून जरा मागे जाऊन सांगतो.

मुलीचं वय दहा. एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिची आई एका मालवाहू जहाजावर स्वयंपाकीण होती. सात-सात महिने समुद्रावर राहून पंचवीस माणसांची पोटं भरायची. तेवढे दिवस भिंगरी मावशीकडे असे. मावशी दातांची डॉक्टर. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या अंगाला गॅरेज, आणि गॅरेजमध्ये लवंगी.

लवंगी म्हणजे गाडी. लाल, आखूड, मागचं दार वर उघडणारी. आकार साबणाच्या डबीचा, पण पोटात तिच्या दुप्पट गाडीला शोभेल असं इंजिन. म्हणून तर लवंगी मिरचीचं नाव. आईने ती तेविसाव्या वर्षी स्वतःच्या पगारातून घेतली होती, तीही जुनीच. तेव्हा मावशी पंधरा वर्षांची. ताई गाडी चालवणार आणि धाकटी शेजारी बसून ओरडणार, "ताई, अजून जोरात!" पुढे भिंगरी झाली, आई जहाजावर गेली आणि लवंगी ताडपत्रीखाली गेली ती नऊ वर्षं तशीच राहिली. टायर बसले. मागच्या सीटमध्ये उंदरांनी बाळंतपणं केली.

मावशीने ती ताडपत्री काढली, ती आईला न सांगता. यावेळी ताई बंदरावर उतरली की तिला घ्यायला टॅक्सी नाही, लवंगी जाणार. हे गुपित फक्त दोघींचं. तिघांचं म्हणा, कारण शेजारचे काका भिंतीवरून सगळं बघायचे. काकांनी तीस वर्षं बस चालवली होती, त्यामुळे इंजिन दिसलं की त्यांना गप्प बसवत नसे.

"काय डॉक्टरीणबाई, पेशंट शुद्धीवर आला का?"

"नाही हो काका. भूल जरा जास्त झालीय."

"नऊ वर्षांची भूल! दात काढताना पण अशीच देता काय? मग माझे दात आहेत तेच बरे."

मावशीची काम करायची रीत दवाखान्यातलीच होती. कपाळाला दिवा. कानाकोपऱ्यातला मळ काढायला दात घासायचे ब्रश. इंजिनाच्या मागे डोकवायला लांब दांडीचा तो छोटा गोल आरसा, जो ती आपल्या तोंडात घालते ना, तोच. आणि सुटे भाग ठेवायला कवळ्यांच्या रंगीत डब्या. एकेक बोल्ट काढला की तो एका डबीत, आणि डबीत चिठ्ठी: "पाण्याचा पंप, वरचा उजवा." चिठ्ठ्या लिहायचं काम भिंगरीचं. अक्षर सुंदर होतं तिचं.

सगळं ठीक चाललं होतं. रविवारी आई येणार होती आणि त्या आधीचा बुधवार उजाडला. त्या दिवशी मावशीकडे एका आजोबांची अवघड दाढ होती. भिंगरीला शाळेला सुट्टी. तिने डब्या उघडून पाहिल्या. बोल्ट कसे, तर तेलकट, काळे, चिकट. चिठ्ठ्याही तशाच. तिला वाटलं, मावशी येईपर्यंत हे सगळं चकचकीत केलं तर? केवढी खूश होईल!

तिने सगळे बोल्ट एका घमेल्यात ओतले. रॉकेलमध्ये बुडवले, ब्रशने घासले, टॉवेलवर वाळवले. तेलकट चिठ्ठ्या कचऱ्यात टाकल्या. आणि मग शाळेत प्रार्थनेला उभं करतात ना, तसं सगळ्यांना फळीवर उंचीप्रमाणे उभं केलं. बुटके पुढे, उंच मागे. रांग इतकी सरळ की मुख्याध्यापकबाईंनी पाठ थोपटली असती.

मावशी आली. तिने फळीकडे पाहिलं. मग डब्यांकडे. मग पुन्हा फळीकडे.

"मी केलं," भिंगरी म्हणाली. "सगळे."

 मावशीने हातातल्या रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग खाली बसली, भिंगरीच्या उंचीला.

"किती गं छान चमकतायत," ती म्हणाली. "आता मला सांग राणी, यातला कोण कुठे राहतो?"

भिंगरी एक पाऊल पुढे आली.  तिने फळीकडे पाहिलं. सगळे बोल्ट एकमेकांच्या भावंडांसारखे दिसत होते, आणि तिला रडू फुटलं.

इथे थोडं थांबून सांगतो, म्हणजे तिला रडू का आलं ते कळेल. बोल्ट कुठलाही कुठे बसत नाही. उथळ भोकात लांब बोल्ट घातला तर तो तळाला टेकतो. आपल्याला वाटतं घट्ट झाला, पण वरचं झाकण सैलच राहतं. आणखी जोर लावला तर ओतीव भाग तडकतो. खोल भोकात आखूड घातला तर तो दोनच आट्यांवर लोंबकळतो आणि एक दिवस आटे घेऊनच बाहेर येतो.

"शाळेत उंचीप्रमाणे का उभं करतात?" मावशीने विचारलं.

"मागच्याला... दिसावं... म्हणून," भिंगरी हुंदके देत म्हणाली.

"आणि बोल्टांना कुठे काय बघायचं असतं?"

भिंगरीला रडता रडता हसू आलं. त्याने नाकातून जो काही प्रकार झाला तो मी लिहीत नाही.

"आता आई टॅक्सीने येणार ना?" तिने विचारलं.

"आली तर आली. टॅक्सीने आलेली आई काय वेगळी असते?"

पण मावशीलाही ते वेगळंच वाटत होतं. भिंगरीने ते ओळखलं. मोठी माणसं खोटं बोलताना भांडी आवरायला लागतात, आणि मावशी आवरलेलीच पक्कड परत आवरत होती.

गुरुवारी सकाळी भिंगरी शाळेसाठी दात घासत होती. तोंडात फेस. आरशात स्वतःच्या हिरड्या बघता बघता ती एकदम थबकली आणि तशीच ब्रशासकट दवाखान्यात पळाली.

"मावफी! फळी!"

"आधी थुंकून ये."

ती थुंकून आली. "मावशी, सळी! तू हिरडीत घालतेस ना, रेघांची. आणि आकडे सांगतेस. तीन, दोन, चार. मग नर्सताई लिहून घेतात. किती खोल ते."

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. ती सळी खरीच होती. हिरडी दातापासून किती सुटली ते मोजायची, मिलिमीटरच्या खुणांची. झाकण जागेवर धरायचं, भोकात सळी तळापर्यंत घालायची. येईल त्या आकड्याहून जरासा आखूड जो बोल्ट, तो त्या भोकाचा.

"पण ती पंधरा मिलिमीटरचीच असते गं," मावशी म्हणाली. "हिरडी कुठे एवढी खोल असते? इंजिनाला लांब लागेल."

मग त्यांनी एक बारीक सरळ तार घेतली. पट्टीला लावून तिच्यावर खुणा केल्या, त्याही नेलपॉलिशने. मागच्या खेपेला आईने कुठल्याशा बंदरातून ती लाल बाटली आणली होती आणि मावशीने ती कधी उघडलीच नव्हती, दातांच्या डॉक्टरने नखं रंगवायची नसतात म्हणून.

संध्याकाळी गॅरेजचा दवाखाना झाला. मावशी वाकून आकडे सांगतेय, भिंगरी लिहितेय.

"अडतीस!"

"अडतीस. पस्तीसवाला."

"सत्तावीस!"

"पंचवीसवाला. मावशी, हिला पायोरिया आहे का?"

"आहे. ब्रश करत नव्हती नऊ वर्षं."

शनिवारी दुपारी शेवटचं झाकण बसलं. मावशीने चावी फिरवली. लवंगी खोकली. पुन्हा खोकली. मग अशी काही डरकाळी फोडली की काकांच्या भिंतीवरचं मांजर पलीकडच्या घरात जाऊन पडलं.

"झाली शुद्धीवर!" काका ओरडले. मग भिंगरीकडे वाकून म्हणाले, "उरला का एखादा बोल्ट?"

"नाही."

"अरेरे. ज्याच्या हातात शेवटी एक बोल्ट उरत नाही, तो मिस्त्री कसला? माझ्या बसमधून वर्षाला दोन निघायचे. चालायचंच."

रविवार. आईचं जहाज अकराला लागणार. सव्वादहाला मावशी गाडीत बसली, इंजिन गुरगुरायला लागलं. काचेवर धूळ होती म्हणून भिंगरीने दोरीवरचा टॉवेल ओढला. तोच, बोल्ट वाळवलेला.

टण्.

टॉवेलच्या दुमडीतून एक बुटका बोल्ट फरशीवर पडला, गडगडत आला आणि तिच्या बुटाला टेकून थांबला.

तिने तो उचलून मुठीत घेतला. "चल गं, पट्टा लाव!" मावशी आतून म्हणाली. भिंगरी बसली. पट्टा लावला. गाडी गॅरेजच्या दारापर्यंत आली. काकांचे दोन बोल्ट तिला आठवले. चालायचंच. इंजिन छान चाललं होतं, एवढासाच तर बोल्ट होता, आणि आई धक्क्यावर उभी राहून टॅक्सी शोधणार होती. 

"मावशी," ती म्हणाली, "बंद कर."

"काय?"

भिंगरीने मूठ उघडली.

मावशीने बोल्टाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि चावी उलटी फिरवली. एकदम शांत झालं.

"अहो, एका बोल्टाने काय होतंय!" भिंतीवरून आवाज आला.

"काका, तुमच्या बसमधून काय काय पडायचं ते तुम्हाला माहीत," मावशी म्हणाली. "हिच्यात माझी बहीण बसायचीय."

तिने ताईला फोनवर निरोप धाडला: उशीर होतोय, टॅक्सीने ये. मग भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला. तो जरा जास्त वेळ तिथेच राहिला. "आता याचं घर शोधू या."

इंजिन निवू दिलं. गाडी जॅकवर उचलून खाली लोखंडी घोड्या लावल्या. त्याशिवाय गाडीखाली कधी जायचं नसतं, हे तुम्हीही लक्षात ठेवा. वरून सगळी भोकं भरलेली होती. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातल्या चित्रातही रिकामं काही दिसेना. शेवटी भिंगरी पाठीवर सरपटत खाली गेली, कपाळाला मावशीचा दिवा लावून, हातात तो छोटा गोल आरसा धरून. जिथे डोळा पोचत नव्हता तिथे आरसा पोचला.

"सापडलं!" खालून आवाज आला. "डायनॅमोच्या पट्टीच्या मागे. अक्कलदाढेसारखं लपलंय!"

मावशीने हात घालून पाहिला, मनगटाशी अडकला. भिंगरीचा हात गेला. तारेने मोजलं, अठरा. बोल्ट सोळाचा. पाना मावशी नंतर लावणार होती, पण आधी बोटांनी आटे धरवायला हवे होते. एक आटा. दुसरा. तिसरा.

बाहेर टॅक्सीचं दार वाजलं.

भिंगरीला गाडीखालून फक्त दोन पाय दिसले. सात महिन्यांनी दिसलेले, ओळखीचे, टाचेपाशी झिजलेले बूट. शेजारी पिशवी टेकली.

"ही..." आईचा आवाज अर्ध्यात थांबला. "ही लवंगी आहे?" मग गुडघे फरशीला टेकले आणि आईचं तोंड उलटं दिसलं. "भिंगरे? अगं, बाहेर ये की!"

कल्पना करा. आई हाताच्या अंतरावर आहे आणि बोल्ट अर्धा आत.

"आलेच आई," भिंगरी म्हणाली. "चार आटे राहिलेत."

"भिंगरी, आणि थांबते?" आई मावशीला म्हणाली. "काय केलंस गं माझ्या पोरीला?"

"मी नाही ताई. तुझ्या गाडीने."

भिंगरीने चारही आटे फिरवले, बोल्टाचं डोकं पट्टीला टेकेपर्यंत. मग ती सरपटत बाहेर आली आणि काळ्या हातांनिशी आईच्या गळ्यात पडली. आईच्या पांढऱ्या सदऱ्यावर दहाही बोटं उमटली.

मावशीने पाना लावला, घोड्या काढल्या आणि चावी ताईच्या हातात दिली. भिंगरीने पुढच्या सीटसाठी हट्ट केला नाही. तिने आईच्या शेजारचं दार मावशीसाठी उघडून धरलं, स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसली, पट्टा लावला आणि गाडी फाटकाबाहेर पडताच ओरडली, "आई, अजून जोरात!"