शिंप्याने मला शिवलेला कोट

मित्रांनो, मी एक जुनी कोंबडी आहे. माझी गोष्टही जुनी आहे, पण राग ताजा आहे. गोड गोड ऐकायचं असेल, तर आत्ताच उठा.

एका शिंप्याच्या दुकानामागे, चिंध्यांनी भरलेल्या खोक्यात शेजारच्या कोंबडीने चोरून अंडी उबवली, त्यातल्या एकातून मी बाहेर आले. शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात. मोठी झाल्यावर वर्षभर मी जवळजवळ रोज अंडं दिलं. मास्तर गिऱ्हाइकांपुढे माझं तोंडभर कौतुक करायचे. त्यांची थोरली बहीण, आक्का, सकाळी वाटी घेऊन अंड्यासाठी हजर असायच्या.

मग दिवस लहान झाले आणि माझी पिसं झडू लागली. यात नवल ते काय? थंडीच्या आधी आम्ही जुनी पिसं टाकतो आणि नवी घालतो. अंगातली सगळी ताकद पिसांना लागते, म्हणून अंडी बंद होतात. पण माझ्याआधी या घराने कधी कोंबडी पाळलीच नव्हती. आठ दिवसांत माझी मान आणि पाठ उघडी पडली.

आक्का म्हणाल्या, "रोग लागलाय हिला. रविवारी मी खाटकाकडे नेते."

मास्तरांचा जीव कासावीस झाला. आणि या शहाण्या माणसाने काय करावं? टेप काढून माझ्या छातीचं माप घेतलं! उरलेल्या अस्तराचा लाल कोट शिवला, दोन बटणं लावली आणि मला त्यात कोंबलं. ऊबही मिळेल आणि उघडं अंग दिसलं नाही की आक्काही गप्प बसतील, असा त्यांचा हिशेब. गल्लीतली माणसं येऊन पोट धरधरून हसली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

नवं पीस बाहेर येतं तेव्हा त्याच्या देठात रक्त असतं. साधं बोट लागलं तरी कळ येते. त्या कोटाखाली माझी कोवळी पिसं वाकली, काही मोडली. मी दाणा सोडला आणि कोपऱ्यात उभी राहिले. आक्का म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते?"

शनिवारी मास्तरांच्या बायकोने मला उचललं. मी जिवाच्या आकांताने ओरडले. तिने बटणं काढून आत पाहिलं, तर अस्तराला रक्त लागलेलं.

"अहो, पाठीत टाचण्या खोचून वर घट्ट कोट चढवला, तर चालेल का तुम्हाला?" ती म्हणाली.

ओढाताण नको म्हणून मास्तरांनी जमिनीवर बसून कोटाचा एकेक टाका कापला. तरी मी चोच मारलीच, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

पुढे मात्र मला कुणी हात लावला नाही. खोक्यात कोरडं गवत आलं. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लागलं. भांड्यात मासळीचे तुकडे आणि सूर्यफुलाच्या बिया येऊ लागल्या.

रविवारी आक्का टोपली घेऊन आल्या. मास्तर दारात आडवे उभे राहिले.

"आक्का, ती आजारी नाही. चूक माझी होती."

"आणि अंडी?"

"गिऱ्हाइकाचा एक कोट शिवायला मला आठ दिवस लागतात. तिला अख्खं अंग नव्याने शिवायचंय. दोन महिने लागतील."

आक्का रिकामी टोपली घेऊन गेल्या. अडीच महिन्यांनी, चकचकीत नव्या पिसांत, मी अंडं दिलं. आक्का धावत आल्या आणि म्हणाल्या, "गुणाची गं माझी बाय!"

ऐकलंत? अंडं दिलं की गुणाची, पिसं टाकली की खाटकाकडे! मित्रांनो, तुमच्याही घरात कधी कुणी काही न देता, न बोलता नुसतं बसून राहील. त्याला खाटकाची भीती दाखवू नका, आणि मायेने कोटही चढवू नका. खायला-प्यायला जवळ ठेवा, वारा अडवा आणि हात मागे घ्या. त्याचं काम चालू असतं.